मशीन दम खातं तेवढा वेळ

"बाहेर लई गारठा हाय. आत आप्पापाशी बरं वाटतंय, ऊब हाय."

दुकानाच्या पायरीवर चपला शोधत एक म्हातारे दुसऱ्यांना म्हणाले. मी बस्त्याच्या खोलीच्या दाराशी उभी होते. हातात पाण्याचा तांब्या होता आणि तो कुणी मागवला होता ते मी त्या क्षणी विसरले.

आप्पा, तुम्हाला त्या दिवशी ऊब नको होती.

तुम्हाला गादीवर बसवलं होतं, आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात तसं. मांडी घातलेली, पाठीला लोड, कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग. मंगलताईला फोन लागला होता, ती हैदराबादहून निघाली होती, पण ती पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडणार होता. लेकीनं बापाचं तोंड बघितल्याशिवाय समाधी द्यायची नाही, असं काकूनं एकदाच सांगितलं आणि ती तुमच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. मग कुणीतरी म्हणालं, आप्पांचं थंड हवेचं मशीन आहेच की, त्याच खोलीत बसवू. सगळ्यांना पटलं. खटका दाबला, मशीन घरघरलं, दारं-खिडक्या लावल्या आणि माणसं भजनाला बसली.

मशीन लावलं की थंड होतं, एवढंच सगळ्या धारूरला ठाऊक. पण त्या सकाळी तुम्ही स्वतः ते गरमवर लावलं होतंत. दिंद्रुडचा बस्ता यायचा होता. लग्नघरची माणसं पहाटेच्या गाडीनं कुडकुडत येतील, गादीवर टेकल्यावर त्यांना बरं वाटावं, म्हणून. फिरवायची मूठ तुम्ही ठेवली होतीत तिथंच होती. तिच्याभोवतीची अक्षरं इंग्रजी. थंडीच्या दिवसांत बंद खोली उबदार झाली तर कुणाला शंका येणार? तुमच्या मांडीवरचा झेंडूचा हार कडेनं मलूल व्हायला लागला होता, तो मी बघत होते.

खोलीभर पुरुष बसले होते, शाळेतले, बाजारातले, मठातले. आणि त्यांच्यासमोर मला बोलायचं होतं. तुम्ही असतात तर गालात हसला असतात.

ते मशीन आलं तेव्हा मी कॉलेजच्या सुट्टीत घरी होते. नवी दुकानं बीडला आणि अंबाजोगाईला निघत होती, काचेची, आत गारवा असलेली. वैशाखातले बस्ते तिकडं जायला लागले होते. तुम्ही एक दिवस टेंपोतून हे धूड घेऊन आलात. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात गरम, दोन्ही एकाच खोक्यात. दस्तगीरचाचा, तुमच्या दुकानात आयुष्यभर साड्या उलगडत आलेले, खोक्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "शेठ, हे काय सासूबाई हाय काय? एकाच तोंडानं गरम बी आन् नरम बी?"

त्याच्याबरोबर एक पुस्तिका होती, सगळी इंग्रजीत. तुम्ही ती माझ्या पुढ्यात टाकलीत.

"गिरजे, काय म्हणतंय ते सांग. माझ्या भावानं विंग्रजी शाळेत घातलं तुला, कायतरी उपेग होऊ दे आमाला."

मी पान उघडलं आणि मनातल्या मनात वाचायला लागले.

"मोठ्यानं," तुम्ही म्हणालात. "मशीनला बी ऐकू जाऊ दे."

आप्पा, मी घरात कुणासमोर मोठ्यानं काही वाचलं ते पहिल्यांदा. हॉस्टेलवर मला सगळ्या गावाकडची म्हणायच्या आणि गावाकडे सगळे शहरातली. दोन्हीकडे गप्प राहणं सोपं होतं. तुम्ही मात्र एकेका वाक्यावर अडून बसायचात, आणि मला ते वाक्य मराठीत पुन्हा, वेगळं, सोपं करून सांगावं लागायचं. माझं मराठी कसलं, शाळेच्या धड्यासारखं. "दाब समान होईपर्यंत यंत्र पुन्हा सुरू करू नये," असं मी सांगितलं की तुम्ही चाचांकडे वळून म्हणायचात, "त्याला दम खाऊ द्या, म्हणती."

पहिल्याच दिवशी तुम्ही खोलीच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्यात. कूलरला तसंच लागतं, हवा एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. कूलरवरच आपला जन्म गेला होता. चाचांनी तर मशीनच्या मागच्या अंगाला वाळ्याची ताटी बांधली आणि बादलीनं पाणी मारायची तयारी केली. मी पळत मागच्या बोळात गेले.

"काढा," मी म्हणाले. एवढंच.

चाचांची बादली हवेतच राहिली. "काढतो, काढतो. बेटीनं तोंड उघडलं म्हणजे मामला मोठा असणार."

मग मी सांगितलं. मागची बाजू मोकळी पाहिजे, तिथूनच ते उष्णता टाकतं, ती झाकली तर आतल्या आत तापून बंद पडेल. ओल्या हातानं खटक्याला शिवायचं नाही. जाळी धुण्याआधी पिन उपटून बाजूला ठेवायची, नुसता खटका बंद करून भागत नाही. गॅसच्या नळ्यांना आपण हात लावायचा नाही, त्याला बीडचा मेकॅनिकच. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि शेवटी विचारलंत, "आन् पूजा केली तर चालती का? का ती बी न्हाई?"

पूजा चालते, म्हणाले मी. त्या दसऱ्याला तुम्ही मशीनला एवढा मोठा हार घातलात की हवा यायची वाटच बुजली. तो मी हळूच काढून वरच्या खिळ्याला अडकवला. तुम्ही बघितलंत. पुढच्या दसऱ्याला हार खिळ्यालाच होता.

जाळी धुवायचं काम आपण दोघं करायचो, बाजार नसलेल्या दिवशी. कापडाच्या दुकानातली जाळी इतर ठिकाणच्या जाळीसारखी मळत नाही. तिच्यावर जरीचे बारीक तुकडे निघायचे, सुताचे तंतू, तुमच्या धुपाची राख. साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायची, उन्हात ठेवली तर वाकडी होते. "पिन काढली का?" तुम्ही दर वेळी विचारायचात. पिन माझ्या हातात दिसत असली तरी विचारायचात. मी एकदा चिडून म्हणाले, "आप्पा, दिसत नाही का?" तर म्हणालात, "दिसती. पर तू बोललीस की मला बरं वाटतं."

आणि अर्थिंगचा खड्डा. मेकॅनिकनं मीठ-कोळसा घालून बुजवला आणि उन्हाळ्यात तो ओला ठेवा म्हणून सांगून गेला. तेव्हापासून पूजा आटोपली की तांब्याभर पाणी त्या खड्ड्याला. काकू म्हणायची, "बेलाचं झाड तहानलेलं आन् ह्यांचं पाणी मातीत." तुम्ही म्हणायचात, "बेल कुणाला शॉक देत न्हाई."

पण मला ज्याची आठवण सगळ्यात जास्त येते ते म्हणजे थांबणं.

आपल्याकडे लाईट जायची ती सांगून थोडीच. लाईट गेली की तुम्ही आधी उठून मशीनचा खटका बंद करायचात, कारण पुस्तिका तसं म्हणत होती. नाहीतर लाईट आल्याबरोबर ते धडपडत चालू होतं आणि आतलं यंत्र जळतं. मग लाईट यायची, पंखे फिरायचे, बस्त्याला आलेली माणसं "हां, लावा आता" म्हणायची, आणि तुम्ही खटक्यावर हात ठेवून तसेच उभे राहायचात. पुस्तिकेत मिनिटं दिली होती. तुम्ही घड्याळ कधी बघितलं नाहीत. बोटांच्या पेरांवर जप मोजायचात. "घड्याळ बंद पडतं," म्हणायचात. "ह्याला सेल लागत न्हाई."

दुकानात गिऱ्हाईक नसलं की तुम्ही जप करायचा नाहीत. मला काहीतरी विचारायचात. हॉस्टेलवर भाकरी मिळते का. तिकडं तुझ्याशी कोण बोलतं. अंधारात भीती वाटते का अजून. मी उत्तर दिलं की तुमच्या लेखी मशीनचा दम खाऊन व्हायचा. उत्तर आलं नाही तर मशीन बंदच. चाचा घामानं निथळत म्हणायचे, "बेटी, बोल बाई कायतरी. तुझ्या पायी आमी शिजायलोत."

तुम्ही विचारताना माझ्याकडे बघायचा नाहीत, आप्पा. खटक्याकडे बघायचात. हे तुम्ही मुद्दाम करत होतात, हे मला उशिरा कळलं. माझ्याकडे कुणी बघत नसलं की मला बोलता येतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. बाबांना नव्हतं, आईला नव्हतं.

आपलं एक भांडण राहूनच गेलं. थंडीत पहाटे बाहेर पारा फार उतरला की मशीनच्या मागच्या जाळीवर दव गोठायचं आणि ते मधेच गरम हवा द्यायचं थांबायचं. ते आपोआप वितळतं, थांबायचं असतं, असं मी सांगितलं. तुम्ही एकदा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते खरवडायला निघालात. दुसऱ्यांदा काकूच्या चुलीतले निखारे शेगडीत भरून बंद खोलीत आणून ठेवलेत. मी दार उघडलं, खिडकी उघडली, आणि तुमच्यावर ओरडले. खरंच ओरडले.

"बंद खोलीत शेगडी ठेवायची नाही. माणूस झोपेत जातो."

"मशीन हाय की. बाहेरची हवा आणतंय."

"आणत नाही. खोलीतलीच हवा फिरवतं."

"मग त्याला बाहेर तोंड कशाला दिलंय?"

"उष्णता न्यायला-आणायला. उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर टाकतं. हिवाळ्यात बाहेरची आत आणतं."

तुम्ही शेगडी उचललीत, ती बाहेर नेऊन ठेवलीत, आणि परत आलात. तुम्हाला एक गोष्ट सापडली होती.

"बाहेर तर गारठा हाय, गिरजे. गारठ्यातनं ऊब कुठनं आणतंय ते?"

मी सांगायचा प्रयत्न केला. गारठ्यातही थोडी उष्णता असते, आपल्याला लागत नाही, मशीन ती गोळा करून आत आणतं. तुम्ही मान हलवलीत. "पुस्तकात असंल. मला न्हाई पटत." पुढे कितीतरी दिवस तुम्ही मधेच, साडीची घडी घालताना, गिऱ्हाईक गेल्यावर, म्हणायचात, "गारठ्यातनं ऊब, म्हणं." खोलीत पुन्हा शेगडी मात्र कधी आली नाही. पटलं नाही तरी तुम्ही ऐकलंत. मला पटवून द्यायचं होतं हो तुम्हाला. मी चित्र काढणार होते.

आणि मग चौसाळ्याचा तो बस्ता, दिवाळीनंतरचा. तुम्हाला आठवत असेल. दोन्हीकडची माणसं गादीवर, मधे शालूंचा ढीग, होणाऱ्या सासूबाईंच्या मांडीवर जांभळा शालू. "हाच घ्या, खानदानी दिसतो." सगळ्यांनी माना हलवल्या. नवरीला विचारलं तर ती म्हणाली, "चालतंय." मी कोपऱ्यात घड्या घालत होते. चालत नव्हतं तिला. ढिगाच्या तळाशी मोरपंखी शालूचा काठ दिसत होता आणि तिचं बोट परत परत त्या काठाला लागत होतं, कुणाला न दिसेलसं. मी तुमच्या कानात सांगितलं. तुम्ही मोरपंखी शालू ओढून काढलात आणि नवरीपुढे नाही, सरळ सासूबाईंच्या खांद्यावर टाकलात.

"ताई, हा रंग तुमाला कसा दिसतो ते बघत होतो. बघा बरं आरशात."

सासूबाईंनी आरशात बघितलं, पदर सारखा केला, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "सूनबाईला बी हाच घेऊ. जांभळा माझ्या लेकीला राहू द्या." नवरीनं मान वर करून पहिल्यांदा खोलीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

माणसं गेली. तेवढ्यात लाईट गेली होती ती आली. चाचा चहा सांगायला गेले. तुम्ही खटक्यावर हात ठेवून उभे राहिलात.

"तुझा बाप म्हणतो तुला पुण्याला पाठवायचं. कॉम्प्युटरचा कोर्स, मग नोकरी."

"हो."

"त्याचं बरोबर हाय. मास्तर हाय, त्याला दुकान कधी आवडलं न्हाई. मंगल तिकडं हैदराबादला सुखात हाय. माझ्यानंतर हे शटर खाली येणार, समद्यांना माहीत हाय. मला त्याचं वाईट वाटत न्हाई. बस्त्यात नवरीला काय पायजे ते कुणी इचारत न्हाई. तुला न इचारता कळतं. हे कुठल्या कोर्सात शिकवत न्हाईत."

मी घडी घालत राहिले.

"गादीवर बसायचंय का तुला? बसशील का, असं न्हाई इचारत. तू बसशील, मी म्हणलं तर. बसायचंय का, ते सांग."

आपल्या धारूरच्या बाजारात मालक म्हणून गादीवर बाई बसलेली मी बघितली नव्हती. बाबांचा चेहरा दिसला, हॉस्टेलच्या मैत्रिणी दिसल्या, त्यांना काय वाटेल ते दिसलं. उत्तर माझ्या तोंडात होतं, आप्पा. अगदी दातांमागे. पण चाचा चहा घेऊन आले आणि मागून दोन गिऱ्हाइकं. तुम्ही खटका दाबलात, मशीनचा आवाज खोलीत भरला.

"ऱ्हाऊ दे," तुम्ही म्हणालात. "लाईट काय, परत जाईल की."

लाईट गेली, कितीदा तरी. दर वेळी दुकानात कुणीतरी असायचं. तुम्ही खटक्यावर हात ठेवून जप मोजायचात आणि मी वाट बघायचे. मला वाटायचं तुम्ही पुन्हा विचाराल. तुम्हाला वाटत असेल मी आपणहून सांगेन. दोघंही एकमेकांना घाई करत नव्हतो.

आणि मग ती सकाळ, आणि तो तांब्या, आणि ऊब.

मी तांब्या खाली ठेवला. माणसांमधून अंग चोरत काकूपर्यंत गेले आणि तिच्या कानाशी वाकून सांगितलं, मशीन गरमवर आहे. काकूनं माझ्याकडे बघितलं. रडून तिचा आवाज बसला होता, तरी भजनाच्या वर तो गेला.

"गिरजा काय म्हणती ते ऐका."

टाळ थांबले. सगळे माझ्याकडे वळले. मला तुमच्याशिवाय कुणाचा चेहरा दिसत नव्हता.

"मशीन गरम हवा देतंय," मी म्हणाले. "थंड नाही."

बाबा झटक्यानं उठले. त्यांनी मूठ धरली आणि ती तशीच थंडकडे फिरवणार, तेवढ्यात मी ओरडले. शेगडीच्या वेळेसारखीच.

"थांबा. आधी बंद करा. चालू असताना फिरवायचं नाही, जळेल ते. बंद करा, मग मूठ फिरवा, मग थांबायचं. तोवर खिडकी उघडा, एवढी माणसं आहेत, धूप आहे, हवा खेळू द्या. थंड लावलं की सगळ्यांनी बाहेर बसा, दोघं-तिघंच आत राहा."

बाबांनी खटका बंद केला. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी बोलती की." चाचा खिडकीपाशी उभे होते. त्यांनी डोळे पुसले आणि खिडकी उघडली. "बेटी सांगती तसंच करा. शेठ बी ऐकायचे तिचं."

मंगलताई दुसऱ्या दिवशी आली, आप्पा. तिनं तुमच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मग म्हणाली, "झोपल्यागत दिसतेत आप्पा." हार आणखी मलूल झाला नव्हता. रात्रभर मशीन एकदाही अडखळलं नाही. हे तुम्हाला कळवायचं होतं. मी आज जाळी काढून धुतली. पिन काढली होती. कुणी विचारलं नाही, तरी मी मोठ्यानं सांगितलं.

पण खरं सांगायचं होतं ते त्या आधीचं, बाबांनी खटका बंद केला त्यानंतरचं. मशीन थांबलं होतं आणि भजनही. बाहेरचा गारठा खिडकीतून आत येत होता. बाबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "किती वेळ?" मला मिनिटं ठाऊक होती. मी म्हणाले, "आप्पा जपावर मोजायचे." मग मठातल्या स्वामींनी डोळे मिटले आणि त्यांची बोटं पेरांवर फिरायला लागली. खोलीत कुणी हालत नव्हतं.

मी खटक्यापाशी जाऊन उभी राहिले, तुम्ही राहायचात तशी. हात त्याच्यावर ठेवला. तुम्ही माझ्या डाव्या हाताला बसला होतात. मी तुमच्याकडे बघितलं नाही. मी वाट बघितली, तुम्ही विचाराल म्हणून. स्वामींची बोटं शेवटच्या पेराकडे येत होती. बाबा जवळ उभे होते, चाचा होते, काकू होती, अर्धा बाजार होता, आणि मी खटक्याकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"आप्पा, बसायचंय मला."